पुरावा मात्र इंग्रजीत

अक्षरं उलटी आहेत, असं वकील म्हणाला आणि सगळ्या वर्गाने बाकं बडवली. वकील म्हणजे नववीतला, तिसऱ्या बाकावरचा मुलगा. बापाचं चष्म्याचं दुकान, पण पोराला वाद घालायची अशी खोड की शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे त्याला वकीलच म्हणत. पडद्यावर एक खिडकी थांबवून ठेवलेली होती. दुसऱ्या मजल्यावरची असावी. गज, बंद काचा आणि काचेमागे एक म्हातारी. केस मोकळे, एक हात वर, तोंड अर्धवट उघडं. क्लिप एवढीशीच होती. म्हातारी हात हलवते, काहीतरी बोलते, पुन्हा हात हलवते, संपलं. इंग्रजीची शिक्षिका पडद्याशेजारी उभी होती आणि मनातून खूश होती. इंग्रजीच्या पुस्तकात यंदा दोन कविता गाळून हा नवा भाग घातला होता: फोनवर, पडद्यावर जे दिसतं ते खरं की बनावट, हे कसं ओळखायचं. बाकीच्या शिक्षकांनी नाकं मुरडली होती. गणिताचे सर तर म्हणाले होते, "आता इंग्रजीच्या तासाला पोलिसांची भरती सुरू." पण तिने तो भाग मनावर घेतला. शुक्रवारचा शेवटून दुसरा तास 'पारखीचा तास' ठरवला. एकाने काहीतरी आणायचं, फोटो, क्लिप, बातमी, खरी किंवा स्वतः बनवलेली, आणि बाकीच्यांनी ती फोडून काढायची. नियम एकच: शंका कुठल्याही भाषेत घ्या, पुरावा मात्र इंग्रजीत द्या. त्यामुळे शंका घेताना वर्ग पोपटासारखा बोले आणि पुराव्याची वेळ आली की निम्म्यांच्या तोंडाला कुलूप लागे. वकिलाच्या तोंडाला कधी लागत नसे. "द लेटर्स आर रिव्हर्स, मॅडम. सो द पिक्चर इज फ्लिप्ड. सो इट इज फेक," तो म्हणाला आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून बसला.

त्याआधीही बरंच निघालं होतं. सावली डावीकडे पडते आणि ऊन कुठून येतंय ते कळत नाही, असं एक जण म्हणाली. हात दोन्ही वेळा अगदी तसाच हलतो, म्हणजे तोच तुकडा पुन्हा जोडलाय, असं दुसरा. ओठ हलतात पण आवाज नाही. आवाज का काढला? ज्याला काही लपवायचंय तोच आवाज काढतो, हेही कुणीतरी म्हणालं आणि तिने "एक्सलंट" असं म्हणून त्या मुलाकडे पाहून मान हलवली होती. आता ती कौतुकानेच पडद्याजवळ गेली, वकिलाची उलटी अक्षरं बघायला. काचेच्या कोपऱ्यात आतल्या बाजूने एक पांढरा कागद चिकटवलेला होता. त्यावरची जाड शाई मागून उमटली होती. मास्तर लोकांना टेबलापलीकडच्या मुलाची वही उलटीच वाचायची सवय असते; तिने काही प्रयत्न करायच्या आत ते शब्द वाचून झाले होते. खिडकी उघडू नकोस. अक्षर तिचं स्वतःचं होतं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. नळाखाली हात धरावा आणि पाणी गरम आहे की गार हे क्षणभर कळू नये, तसं. मग मान तापली. लहानपणी आई म्हणायची, खोटं बोलताना तुझ्या मानेवर लाल पट्टा येतो. म्हणून शाळेत असल्यापासून तिला गळाबंद कपडे आवडत. तिने मानेवर हात ठेवला आणि पुन्हा पडद्यावरच्या म्हातारीकडे पाहिलं. ही आई? गेले आठ महिने ती आईला वरून बघत होती, खोलीच्या कोपऱ्यात छताजवळ बसवलेल्या कॅमेऱ्यातून, फोनवर. भांग, खांदे, मांडीवर ठेवलेले हात, खुर्ची. आईचा चेहरा समोरून, मान उंचावून कुणाकडे तरी बघणारा, तोंड उघडलेला, तिने किती दिवसांत पाहिला नव्हता ते आठवेना. रोज सकाळी ती आईचे केस विंचरून घट्ट बांधत असे. हे मोकळे केस कुणाचे? आणि ही खिडकी तिने बाहेरून कधी पाहिलीच नव्हती. खाली मान घालून जिन्यात शिरायचं, खाली मान घालून बाहेर पडायचं, हा तिचा रस्ता.

"मॅडम, खरं की खोटं?" वर्ग विचारत होता. रीत अशी की आधी क्लिप आणणाऱ्याने उठून उत्तर द्यायचं. आणणारी म्यूट होती. ज्या वर्षी शाळा घरून, फोनवर भरायची त्या वर्षी या मुलीने एकदाही आपला आवाज चालू केला नाही, तेव्हापासून पोरांनी तिला ठेवलेलं हे नाव. ती उठली. फोन दोन्ही हातांत धरला होता. "मॅडम, इट इज… शी इज…" म्हणून थांबली. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. "येस? शी इज?" शिक्षिका म्हणाली. सवयीनेच म्हणाली, कुणालाही म्हणाली असती तशी, भुवया उंचावून. मुलीचे ओठ हलले. मग तिने वर्गाकडे नाही, सरळ शिक्षिकेकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. "फेक, मॅडम," ती म्हणाली आणि बसली. सगळ्यांच्या माना आता शिक्षिकेकडे वळल्या. "करेक्ट," शिक्षिका म्हणाली. "इट इज फेक." टाळ्या पडल्या. टाळ्यांत छोट्या सुट्टीची घंटा झाली.

शिक्षकांच्या खोलीत पंख्याखालची खुर्ची रिकामी होती तरी ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि फोन काढला. खोली दिसली. खुर्ची, खुर्चीत आई, ताठ, हात मांडीवर. केस घट्ट बांधलेले. सगळं जागच्या जागी. तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच, कसा कोण जाणे, पुन्हा बाहेर आला. रोज मोठ्या सुट्टीत ती हेच चित्र बघायची, त्याचा फोटो दादाला पाठवायची. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात, मोठ्या पगाराचा, मोठ्या मनाचाही, फक्त ते मन फोनवरच भेटायचं. आधीच्या घरी आईने एका दुपारी खिडकी उघडून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारल्या होत्या, मला घरी न्या म्हणून. घर तेच होतं, आई त्यातच उभी होती. शेजाऱ्यांनी दादाला फोन केला. दादाने वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक पाठवलं: बाग, डॉक्टर, चोवीस तास माणूस. ती रडली, भांडली, मग शाळेजवळ हे घर घेतलं, दिवसा आईला सांभाळायला येणारी ताई शोधली. तेव्हा दादा म्हणाला होता, "हे बघ, ती शांत आहे तोवर तुझ्याकडे. पुन्हा एकदा खिडकीचा प्रकार झाला की मी तुझं ऐकणार नाही. तुझ्याच्याने होत नाही हे मान्य करायला लाज कसली?" म्हणून तो कागद, म्हणून कॅमेरा, म्हणून रोजचा फोटो. आजचाही दुपारीच गेला होता. त्यावर दादाचा अंगठा आला होता, रोज येतो तसा.

मग ही क्लिप कधीची? तिने डोळे मिटले. सकाळी ती निघते आणि ताई येते यांच्या मधला थोडा वेळ, आणि संध्याकाळी ताई जाते आणि ती घरी पोचते यांच्या मधला थोडा वेळ. दार बाहेरून बंद असतं तेव्हा. बस, एवढ्याच दोन फटी, आणि त्यांतूनच कुणीतरी बघत होतं. समोरची इमारत. म्यूट समोरच राहते तर. आठ महिने समोर राहते आणि एका शब्दाने बोलली नाही! मनात पाल चुकचुकली ती तिथेच. पोरीने क्लिप काढली, आवाज पुसला, तो कागद बरोबर चौकटीत घेतला, वर्गात लावली आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत बसली. कशासाठी? गेल्या चाचणीत तिला काठावर पास केलं होतं म्हणून? पालकसभेत तिच्या आईला चार शब्द ऐकवले होते, मुलगी बोलत नाही म्हणून, त्याचा हा वचपा? की पोरगी नुसतीच पुढे केलेली, आणि मागे दुसरंच कुणी? ताईचं काय सांगावं. ताई गेल्याच महिन्यात म्हणाली होती, "मला परवडत नाही हो, आजी एकट्या असतात तेव्हा काय करतात कुणाला माहीत, उद्या माझ्यावर यायचं." तेव्हा हे बोलणं साधं वाटलं होतं. आता त्याला मागून जाड शाई उमटल्यासारखी दिसत होती. गणिताच्या सरांनी समोर बसून उरलेला डबा उघडला आणि विचारलं, "काय, आज कोणाला पकडलंत?" ती दचकली. "कोणाला म्हणजे?" "अहो, पारखीच्या तासाला," ते म्हणाले. "एवढं काय चमकताय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का?" ते हसले. तीही हसली, आणि ते तिच्याकडे जरा निरखून बघतायत की काय, ते तपासत राहिली.

दारात वकील उभा होता. शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर दर शुक्रवारी संध्याकाळी वर्गाने पकडलेली उत्तम थाप टाकायची, हे काम तिनेच त्याच्याकडे दिलं होतं. पालक बघत, कौतुक करत. दादाही बघायचा, तिनेच त्याला ते पान दाखवलं होतं, बघ मी काय काय करते म्हणून. "मॅडम, म्यूटची टाकू ना? आतापर्यंतची बेस्ट आहे." "नको," ती म्हणाली. "का पण?" "त्यात एका बाईंचा चेहरा आहे. परवानगीशिवाय कोणाचा चेहरा टाकत नाही आपण. शिकवलंय ना?" वकिलाने डोकं खाजवलं. त्याला खोडी काढायची नव्हती, खरंच प्रश्न पडला होता. "पण मॅडम, ती बाई खोटी आहे ना? खोट्या बाईची परवानगी कोणाकडून घ्यायची?" डबा खाता खाता गणिताचे सर मोठ्याने हसले. पंचवीस वर्षं शिकवून असा प्रसंग आला नव्हता. "संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत काही टाकायचं नाही." तो गेला, पण जाताना मागे वळून बघून गेला. त्यालाही शंका घ्यायला तिनेच शिकवलं होतं.

शेवटच्या तासाला तिने काय शिकवलं ते तिचं तिलाच कळलं नाही. मुलं सुटली, ती वह्यांचा गठ्ठा तसाच टाकून म्यूटचा पत्ता विचारायला कार्यालयाच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. म्यूट गेली होती. मग तीही निघाली. रोज ती मुलं गेल्यावर वह्या तपासत थांबे, आज पहिल्यांदा मुलांच्या मागोमाग रस्त्यावर आली. रस्त्यावर ऊन अजून होतं. कपडे इस्त्री करणारा माणूस टेबलावर वाकून शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होता, औषधाच्या दुकानात दोन बायका एकाच चिठ्ठीवर वाद घालत होत्या, आणि तिला वाटलं, हे सगळे आपल्याकडे बघणं नुकतंच थांबवून कामाला लागलेत. यांनीही पाहिलं असेल. वर मान केली की दिसत असणार. एवढ्या दिवसांत एकानेही सांगितलं नाही, की सगळ्यांना माहीतच आहे आणि दिव्याखाली अंधार तेवढा आपल्याच घरी? मुलांना ती शिकवायची, चित्रात काय आहे त्याआधी चौकटीबाहेर काय आहे ते विचारा. कॅमेऱ्यात खुर्ची होती, पलंग होता, दार होतं. खिडकी नव्हती. बसवणारा माणूस म्हणाला होता, "मॅडम, खिडकीकडे तोंड केलं तर उजेडाने काळं दिसेल," आणि तिने मान डोलावली होती. तेव्हा पटलं म्हणून डोलावली, की सोयीचं होतं म्हणून?

दुसऱ्याकडून सुरू झालेला संशय आता घरी आला आणि आईपाशी येऊन बसला. आईचं विसरणं तरी किती खरं? परवा आईने ताईला विचारलं होतं, तुम्ही कोणाच्या कोण? आणि त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला तेव्हा अगदी ठणठणीत आवाजात म्हणाली, "मी मजेत आहे रे. हिला त्रास देत नाही." ते 'त्रास देत नाही' तिला तेव्हाच खटकलं होतं. आईचं सगळं आयुष्य असंच गेलं. बाबा वर्षभर अंथरुणाला खिळले तेव्हा दारावर कुणी आलं की आई आधी केसांवरून हात फिरवायची, मग दार उघडायची, आणि 'बरं चाललंय' म्हणायची. घरात काय चाललंय ते दारात दिसू नये, ही तिची शिकवण. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी ती लेकीला समोर बसवून इंग्रजीचा धडा वाचून घ्यायची आणि मधेच म्हणायची, "चुकलीस." "तुला काय कळतं गं?" "मला इंग्रजी कळत नाही. तू कळतेस. अडखळलीस की चुकलीस." तिचं सगळं इंग्रजी असं न अडखळण्यावर उभं राहिलं होतं. आज वर्गात ती अडखळली नाही. करेक्ट, इट इज फेक, सरळ एका दमात. अडखळली ती पोरगी. हे आठवलं आणि तिला इतकी लाज वाटली की ती इस्त्रीवाल्याच्या टेबलाला धरून उभी राहिली. "काय झालं हो बाई?" त्याने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. "बरं आहे."

पुढच्या वळणावर नेहमीप्रमाणे उजवीकडे जाऊन गल्लीच्या तोंडाने आत शिरायचं, ते तिने केलं नाही. ती मागच्या बाजूने गेली, सायकल दुरुस्तीच्या दुकानापासून, समोरच्या इमारतीच्या मागल्या जिन्याने. कोणी पाहू नये म्हणून. आपल्याच गल्लीत चोरासारखं शिरायचं! पण काम ठरलेलं होतं. पोरीला गोडीत घ्यायचं, क्लिप पुसायला लावायची, आणखी कोणाकोणाला पाठवली ते काढून घ्यायचं, गरज पडली तर आवाज चढवायचा. क्लिप दादापर्यंत गेली तर आई या महिन्याअखेर इथे नसेल, यापलीकडे तिला आता काही दिसत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर तीन दारं होती. एका दाराबाहेर खोकी रचलेली होती, दोरीने बांधलेली, वर जाड पेनाने लिहिलेलं: भांडी, भांडी, पुस्तकं. गल्लीच्या बाजूचं दार तेच होतं. तिने बेल वाजवली. दार म्यूटनेच उघडलं. शाळेचा गणवेश अजून अंगावर होता. तिने शिक्षिकेकडे पाहिलं, मग चटकन मागे वळून खिडकीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, तुम्ही इकडून कशा आलात?"

"का? कुठून यायला हवं होतं?" आवाज ठरवला होता त्यापेक्षा आधीच चढला. "घरी कोण आहे?"

"आई कामावर आहे. येईल आता. आत या ना."

आतली खोली जवळजवळ रिकामी होती. भिंतीवर कपाटाच्या जागी फिकट चौकोन उरला होता. एक स्टूल, एक चटई आणि गल्लीकडची उघडी खिडकी. "घर बदलताय?" तिने विचारलं. "हो. रविवारी. बाबांची बदली झाली. शाळा पण बदलणार," मुलगी म्हणाली. आणि मग, वर्गात तीन वर्षांत जिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता, ती मुलगी बोलायला लागली. "मॅडम, मला तुम्हाला सांगायचं होतं. तोंडावर कसं सांगायचं तेच कळत नव्हतं. तुम्ही मॅडम आहात ना. मग मला वाटलं, क्लिप लावली की तुम्ही ओळखाल. मग आपोआपच होईल. पण तुम्ही म्हणालात इंग्रजीत सांग. मला 'शी इज' च्या पुढचं येतच नव्हतं. शी इज युवर मदर, असं सगळ्यांसमोर कसं म्हणणार? मुलं हसली असती. तुम्हाला पण."

"कोणाला पाठवलीस?"

"कोणालाच नाही. वर्गातल्या पडद्यावर लावली तेवढीच." तिने फोन पुढे केला. "पुसू का? आत्ता पुसते."

एवढ्या सहज? शिक्षिकेला तेही खरं वाटेना. "आवाज का काढलास?" तिने विचारलं. "लपवायचं काय होतं त्यात?" मुलीने जरा विचार केला, मग दुसरी एक क्लिप लावली, आधीचीच, पण आवाजासकट. गल्ली अरुंद होती. सकाळच्या शांततेत पलीकडचा आवाज स्वच्छ आला होता. काच बंद असूनही आला म्हणजे आई चांगलीच मोठ्याने बोलत असणार. 'आली की सांग हं. हात कर. मी खुर्चीत बसते.' एवढंच. मग पुन्हा हात. शिक्षिकेने ती पुन्हा लावायला सांगितली. आवाज आईचा होता, त्यात कसलाही गोंधळ नव्हता, कुठेही विसरणं नव्हतं. बाबांच्या आजारपणात भाजीवाल्याशी भाव करायची तो आवाज.

"कोण आली की?"

"तुम्ही, मॅडम." मुलीने खाली बघितलं. "सकाळी तुम्ही काही विसरलात तर परत येता ना, म्हणून आजी मला विचारून घेतात. संध्याकाळी मी आधी घरी येते, तुम्ही वळणावर दिसलात की मी हात करते, मग आजी जाऊन बसतात. दुपारी माझी शाळा असते, पण तेव्हा त्यांना घंटा ऐकू येते. सुट्टीची घंटा झाली की तुम्ही फोन बघता, हे त्यांना माहितीये. ताई जेवायला बोलावतात तरी घंटा झाली की आधी केस नीट करून खुर्चीत बसतात. मला म्हणाल्या, खुर्चीत दिसले नाही तर मला पाठवून देतील. माझ्या लेकीचं काही चालणार नाही, म्हणाल्या." ती थांबली. "त्या वेड्या नाहीयेत, मॅडम. कधी कधी मला दुसऱ्याच नावाने हाक मारतात, पण वेड्या नाहीत. आम्ही नुसत्या बोलतो. आज काय शिकवलं ते विचारतात. रविवारपासून मी नसणार, मग त्यांना कोण सांगणार? म्हणून मला वाटलं, तुम्हाला कळलेलं बरं."

शिक्षिका स्टुलावर बसली. इतका वेळ जिच्यावर डोळा ठेवून होतो ती आपल्यावर डोळा ठेवून होती, आणि तेही आपल्याजवळ राहता यावं म्हणून! रोज दादाला पाठवलेला एकेक फोटो तिच्या डोळ्यांपुढून गेला, एकासारखा एक. आणि एवढे सगळे एकासारखे एक कसे, ही शंका, जी नववीतल्या कुठल्याही पोराने पहिल्या मिनिटाला घेतली असती, तिला आठ महिन्यांत शिवली नव्हती. तिला रडू आलं. मुलगी घाबरली, पाणी आणायला आत गेली, भांडी खोक्यात गेलेली आठवून रिकाम्या हाताने परत आली. "क्लिप ठेवू की पुसू, मॅडम?" तिने हळूच विचारलं. शिक्षिकेने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते दोघींनाही कळलं नाही.

तेवढ्यात समोरून आवाज आला. "अगं ए, दिसली का गं ही?" काच अर्धवट उघडलेली होती. गजांपाशी आई उभी होती, केस मोकळे, तोंडावर कलतं ऊन, आणि ती हसत होती. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी राहून आई अशी हसायची. शिक्षिका उठून खिडकीत गेली. तिला काही ठरवायचं नव्हतं, नुसता हात वर करायचा होता, तो तिने केला. आईचं हसू तिथल्या तिथे राहिलं. तिने आधी मुलीकडे बघितलं, मग लेकीकडे, मग पुन्हा मुलीकडे, आणि चटकन काच ओढून घेतली. पूर्ण बंद झाली नाही, फट राहिली. खिडकी रिकामी झाली.

शिक्षिकेने पिशवीतून फोन काढला. खोली दिसली, खुर्ची दिसली, आणि चौकटीच्या कडेने आई आत आली. चालताना तिने दोन्ही हातांनी केस गोळा केले, घाईघाईने मागे गाठ मारली, बसली, कपडे गुडघ्यांवरून सारखे केले, हात मांडीवर ठेवले. मग मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं.

"आई!" ती गल्लीत ओरडली. खाली दोन माणसं थांबली. इस्त्रीवाल्याकडून कपडे घेऊन चाललेल्या बाईने वर पाहिलं. "आई, ऊठ! मी काही म्हणणार नाही. दादालाही काही सांगणार नाही. खिडकीत ये बघू!"

आवाज पोचला असावा. फोनमधली आई जराशी हलली, तिने केसांवरून एकदा हात फिरवला, आणि आणखी ताठ बसली.